एकच सेट तिन्ही बासना नको

वाचकाचं पत्र

"मी फोंड्याजवळ राहतो आणि एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. लग्नाची रिसेप्शनं, फेस्तं, चवथीचे कार्यक्रम, जत्रेतल्या मैफली असं वर्षभर काही ना काही चालू असतं. शिवाय आम्हा चौघांचा एक छोटा गट आहे. हार्मोनियम-तबल्याबरोबर नाट्यगीतं आणि अभंग आम्ही जरा वेगळ्या पद्धतीनं बसवतो. माझ्याकडे तीन बास आहेत: एक प्रिसिजन, एक फ्रेटलेस (नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसलेला) जॅझ बास आणि व्हायोलिनच्या आकाराचा एक छोटा, पोकळ बास. मागच्या वर्षी प्रिसिजनवर ५०-१०५ चा (सगळ्यांत बारीक तार ०.०५० इंच, सगळ्यांत जाड ०.१०५ इंच) फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत तारांचा, सेट चढवला. आवाज इतका आवडला की तेच आणखी दोन सेट मागवले. फ्रेटलेसवर चढवला तर नेक (बासची दांडी) वाकली, तारा उंच झाल्या आणि आवाज अगदी मुका पडला. व्हायोलिन बासवर तर ई तार खुंटीला गुंडाळतानाच तुटली. बाकीच्या तीन तारांना मग मी हातच लावला नाही. दुकानदार फोडलेलं पाकीट परत घेत नाही. तर तिन्ही बासवर चालेल असा सगळ्यांत चांगला फ्लॅट सेट कोणता? आमचा ड्रमर म्हणतो की फ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांचा आवाज. ते खरं आहे का? आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत या तारा टिकतात किती?"

उत्तर

तिन्हीवर चालेल असा सेट शोधू नका. तसा तो मिळणार नाही, आणि मिळाला तरी घ्या असं मी म्हणणार नाही. प्रिसिजनवर तुम्हाला जो आवाज आवडला तो एकट्या तारेचा नव्हता. ती तार, ती नेक आणि ब्रिजपासून, म्हणजे शरीरावर तारा टेकतात त्या जागेपासून, ठरावीक अंतरावर बसवलेला तो पिकअप (तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) या सगळ्यांनी मिळून तो घडवला होता. तार काढून दुसऱ्या बासवर नेली म्हणून आवाज तिच्या मागोमाग जात नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. मर्दानी तंबोरा आणि जनानी तंबोरा यांची लांबी वेगळी, सूर वेगळा, म्हणून तारांची जाडीही वेगळी. मिरजेचा तंबोरेवाला तार लावण्याआधी सूर विचारतो. बास गिटारच्या वेळी मात्र आपण पाकिटावरचं नाव वाचून मोकळे होतो.

तार निवडताना मी तीन गोष्टी बघतो. तारेची लांबी त्या बासला पुरते का आणि जास्त होत नाही ना, तिचा ताण त्या नेकला झेपतो का, आणि त्या बासच्या आवाजात आधीपासून काय भरपूर आहे. यातली तिसरी बाब लोक विसरतात. जे आधीच भरपूर आहे त्यात तारेनं भर घालू नये. खोल, घुमणाऱ्या बासला अंधारी, म्हणजे कमी चमकीच्या दबक्या आवाजाची, तार लावली की सूरच ओळखू येत नाही. ज्याच्या आवाजात मधला भाग ठणठणीत आहे, त्याला अंधारी तार शोभून दिसते.

आता फ्लॅट आणि राउंड यांतला फरक थोडक्यात. दोन्हींच्या गाभ्यात पोलादाची तार असते. राउंडवाउंडमध्ये तिच्यावर गोल तार गुंडाळलेली असते, म्हणून बोटाला खाचा लागतात. फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी गुंडाळतात, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत असतो. फ्लॅटमध्ये वरचे उपस्वर कमी निघतात आणि लवकर विरतात. मूळ स्वर पुढे राहतो. बोट सरकताना होणारी खसखस जवळजवळ नाहीशी होते. आणि एकाच जाडीची फ्लॅट तार बहुधा राउंडपेक्षा ताठ लागते. तुमच्या तिन्ही बासच्या तीन वेगळ्या कथा यातूनच निघाल्या आहेत.

प्रिसिजनपासून सुरुवात करू, कारण तिथे तुमचं बरोबर जमलं आहे. लिओ फेंडर यांनी हा बास १९५१ मध्ये बाजारात आणला आणि आज आपण ओळखतो तो दोन तुकड्यांचा पिकअप त्याला १९५७ मध्ये मिळाला. त्या काळी इलेक्ट्रिक बासला फ्लॅट ताराच असत. राउंडवाउंड रुळल्या त्या साठच्या दशकात. प्रिसिजनचा पिकअप तारेच्या अशा जागी बसतो की मधल्या पट्टीतला खर्ज-भरदार आवाज तो हटकून उचलतो. तार कितीही अंधारी असली तरी हा मधला भाग शिल्लक राहतो आणि ड्रमच्या गर्दीतूनही बास ऐकू येतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी साठच्या दशकात वाजवणारे जेम्स जेमर्सन यांच्याकडे १९६२ चा प्रिसिजन होता, त्यावर ला बेलाच्या ५२-११० च्या जाडजूड फ्लॅट तारा, आणि ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. तारा ते शक्यतो बदलतच नसत. ते एका बोटानं जे वाजवून गेले ते आजही बासवादक बसून शिकतात.

तेव्हा तुमच्या प्रिसिजनवर ५०-१०५ आहे ते राहू द्या. त्याहून जाड सेटचा मोह झाला तर आधी नट, म्हणजे खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी, बघा. १०५ ला कापलेल्या खाचेत ११० ची तार अडकून बसते, सूर लावताना टकटक करत सरकते आणि ट्यूनिंग टिकत नाही. खाच घासून घ्यावी लागते आणि ते काम कानसीचा हात असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. एक स्वस्त प्रयोग मात्र जरूर करा: ब्रिजपाशी तारांच्या खाली स्पंजची पट्टी सरकवा. स्वर लवकर मिटतो, आणि जुन्या कोकणी गाण्यांच्या वेळी, लॉर्ना किंवा ख्रिस पेरी यांची गाणी फेस्ताला वाजवता तेव्हा, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या खाली बास नेमका बसतो.

तुमच्या ड्रमरला इथेच उत्तर देऊन टाकतो. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस गेली कित्येक दशकं प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड ताराच वाजवतात. रोटोसाउंडनं त्यांच्या नावाचा ५०-११० चा फ्लॅट सेटही काढलेला आहे. त्यांचा आवाज कुणाला म्हातारा वाटणार नाही. त्यांच्या तारा नव्या असतात, ॲक्शन (तारांची उंची) खाली असते आणि बोटं जोरात पडतात. जेमर्सन आणि हॅरिस या दोघांकडेही प्रिसिजन आणि फ्लॅटच. तरी एक जण मखमली वाजवतो, दुसऱ्याची तार खणखणते. तारेचं वय, तिची उंची आणि वाजवणाऱ्याचा हात किती फरक पाडतात ते यावरून समजून घ्या.

आता तुटलेल्या ई तारेकडे येतो. तुम्हाला वाटत असेल की जाड तारेचा ताण त्या नाजूक बासला झेपला नाही. तसं झालेलं नाही. तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तिचं वजन, सूर आणि नटापासून ब्रिजपर्यंतची लांबी. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. प्रिसिजनची ही लांबी ३४ इंच, व्हायोलिन बासची साधारण ३० इंच. तीच तार त्याच सुरात ३० इंचांवर लावली तर ताण सुमारे २२ टक्के कमी होतो. म्हणजे चार तारांचा मिळून ८० किलोच्या आसपास ताण असेल, तर तो ६२-६३ किलोवर येतो. तुमची तार ताणानं तुटली नाही, ती वळणानं तुटली. लांब बासच्या तारेचा जाड गुंडाळलेला भाग लांब बासच्या हिशेबानं बनवलेला असतो. छोट्या बासवर तो नटाच्या पुढे निघून थेट खुंटीपर्यंत पोहोचतो. तेवढा जाड भाग बारीक खुंटीभोवती वळवला की चपटी पट्टी उघडते आणि आतल्या गाभ्यावर सगळा भार एका बिंदूला येतो. खुंटीवर जायला हवा तो तारेचा निमुळता, रेशीम गुंडाळलेला भाग. जाड भाग नटाच्या थोडा पुढे संपला पाहिजे. मात्र नटाच्या अलीकडे, वाजवायच्या भागात, रेशीम आलेलं चालत नाही. तिथे तार सुरात बोलत नाही.

म्हणून या बासला सेट मागवण्याआधी टेप घेऊन बसा. तारेचं गोल टोक ज्या खाचेत अडकतं तिथपासून नटापर्यंतचं अंतर मोजा. "३० इंची बास म्हणजे शॉर्ट स्केलचा सेट" एवढ्यावर थांबू नका. व्हायोलिन बासमध्ये तारेचं टोक ब्रिजमध्ये नसतं, ब्रिजच्या मागे दूर टेलपीसमध्ये असतं. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर ३० इंचांपेक्षा कितीतरी जास्त भरतं आणि साधा शॉर्ट स्केलचा सेट कधीकधी तोकडा पडतो. मोजलेलं माप घेऊन कंपनीच्या तक्त्यात तारेच्या जाड भागाची लांबी बघा, मगच पैसे मोजा. या आकाराचा मूळ बास म्हणजे जर्मनीतल्या हॉफनर कंपनीचा ५००/१. तो १९५६ मध्ये आला आणि पॉल मॅकार्टनी यांच्या हातात गेल्यावर जगभर पोहोचला. त्यामुळे त्याच्या मापाचे खास सेट ला बेलासारख्या कंपन्या बनवतात. तुमचा बास हॉफनरचा नसला आणि त्याच घडणीचा असला, तरी टेप लावल्याशिवाय तोही सेट घेऊ नका.

जाडी किती? कमी. पोकळ शरीर आणि नेकजवळचा पिकअप यांमुळे हा बास आधीच घुमतो. त्याला हलका, थोडा उजळ फ्लॅट सेट लावा. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या काळ्या ताराही इथे शोभतात, डबल बाससारखा मऊ ठोका मिळतो. गाभा पोलादाचाच असल्यामुळे चुंबकी पिकअपला त्या ऐकू येतात. पण नायलॉनच्या तारा जाड असतात. रोटोसाउंडचा ट्रू बास ८८ सेट ६५ पासून ११५ पर्यंतचा आहे. तो तुमच्या नटाच्या खाचेत बसणारच नाही. आणि एक सांभाळा: या बासचा लाकडी ब्रिज नुसता तारांच्या दाबानं उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या तर तो हातात येतो आणि सूर पुन्हा जुळवायला अर्धा दिवस जातो. ब्रिजच्या पायांभोवती कागदी चिकटपट्टीनं खूण करा आणि एकेक तार बदला.

फ्रेटलेसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या गटाचा आवाज तिथेच ठरणार आहे असं मला वाटतं.

नेक का वाकली ते आधी. जॅझ बास १९६० चा, प्रिसिजननंतरचा. त्याची नेक नटापाशी ३८ मिलिमीटर रुंद, तर प्रिसिजनची ४१ ते ४४. सडपातळ नेक, त्यावर आधीपेक्षा जास्त ताणाच्या तारा. ती पुढे झुकणारच. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) आवळून ती सरळ करता येते, त्यात बास बिघडला असं समजू नका. पण नेक सरळ केल्यावरही तुम्हाला हवा तो आवाज या सेटवर मिळणार नाही.

फ्रेटलेसचं वैशिष्ट्य म्हणजे दाबलेला स्वर थोडा उशिरा फुलतो, "म्वा" असा उमलतो. हे होतं कारण तार बोर्डाच्या लाकडाला अगदी हलकी घासत थरथरते. तंबोऱ्याची जवारी नेमकी याच तत्त्वावर चालते. ब्रिजचा पृष्ठभाग आणि तार यांच्यात केसाएवढं अंतर असतं, तिथे स्पर्श होत राहतो आणि उपस्वर झळकतात. ५०-१०५ ची ताठ तार कमी डोलते, त्यात तुमच्या तारा उंच झालेल्या. स्पर्शच झाला नाही तर जवारी उघडणार कशी? आवाज मुका पडला तो यामुळे. तार ताठ होती, उंच होती आणि फ्लॅट असल्यानं वरचे उपस्वर मुळातच कमी होते.

इथे मी थोमास्टिक-इनफेल्डचा जॅझ फ्लॅट्स सेट सुचवेन, जेएफ३४४, ४३ पासून १०० पर्यंतचा. व्हिएन्नाच्या या कंपनीचं मूळ काम व्हायोलिन-चेलोच्या तारांचं, आणि ते या सेटमध्ये जाणवतं. ताण बराच कमी, तार लवचिक, मधले स्वर गाते. मींड घेताना बोटाला विरोध होत नाही. अभंगात आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर लोंबत जातो तेव्हा बासही तसाच जाऊ शकतो. शिवाय सडपातळ नेकवर ताण कमी पडतो. अडचणी दोन आहेत. सेट महाग आहे, आणि जोरात ओढणाऱ्या हाताला तो सैल वाटतो. ऑर्केस्ट्रात चार तास घाम गाळून आलेला हात घरी येऊन यावर पडला तर तारा बोर्डवर आपटतात. हलक्या हातानं वाजवण्याची सवय करावी लागेल. खर्च परवडत नसेल तर डॅडॅरिओ क्रोम्स, ४५-१०० चा. फ्लॅट तारांमध्ये तो उजळ बाजूचा समजला जातो, त्यामुळे फ्रेटलेसची उमलण त्यात बऱ्यापैकी शिल्लक राहते. ताण मात्र थोमास्टिकपेक्षा स्पष्ट जास्त.

"मग राउंडच का नको?" असं तुमच्या मनात येईल. जॅझचे नामवंत बासवादक जॅको पास्टोरियस फ्रेटलेस जॅझ बासवर राउंडवाउंडच वाजवत. पण त्यांनी बोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता. साध्या शिसवी बोर्डवर राउंड तारांनी मींडा घेत राहिलात तर लाकडात चरे पडतात, आणि मग त्या चऱ्यांतून तार खरखरते. तुमचा बोर्ड उघड्या लाकडाचा असेल तर फ्लॅटच ठेवा.

तबल्याबरोबर आणखी एक गोष्ट ऐका. डग्ग्याचा घुमारा आणि बासचा खर्ज यांची जागा जवळपास एकच. बासची प्रत्येक मात्रा लांब घुमत राहिली तर डग्ग्याची मींड झाकली जाते आणि तबलजी चिडतो, ते बरोबरच आहे. फ्लॅट तारेचा स्वर लवकर उतरतो, त्यामुळे डग्ग्याला मोकळी जागा मिळते. नाट्यगीतात मी ब्रिजजवळचा पिकअप पूर्ण उघडा आणि नेकजवळचा थोडा कमी ठेवेन. त्यानं स्वराची जागा नीट कळते, आणि फ्रेट नसलेल्या बासवर गायकाला तुमचा स्वर स्पष्ट कळणं फार गरजेचं आहे.

तिन्ही बासवर फ्लॅट हवेतच का, हाही विचार करा. ऑर्केस्ट्रात नवी हिंदी गाणी, स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकून वाजवणं), पॉप वाजवायची असतील तर कुठल्या तरी एका फ्रेटवाल्या बासवर राउंड असलेल्या बऱ्या. तुमच्याकडे प्रिसिजन सोडून फ्रेटवाला बास व्हायोलिनचा, आणि त्याला राउंड मला रुचत नाहीत. तेव्हा पुढे कधी चौथा बास घेतलात तर तो राउंडसाठी ठेवा. तो स्टिंगरेसारखा ॲक्टिव्ह बास असेल, १९७६ मध्ये आलेला, ब्रिजकडे मोठा पिकअप आणि आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेला, तर त्याच्या आवाजात चमक उदंड असते. त्यावर फ्लॅट लावायचेच झाले तर कुठलेही चालतात, अगदी अंधारेही. जुना रिकनबॅकर बास कुणी विकायला काढला आणि तुम्ही घेतलात, तर मात्र जास्त ताणाचे सेट त्याला लावू नका. त्याच्या दोन बारीक ट्रस रॉडना ते मानवत नाही.

आता खारी हवा. फ्लॅट तारा आपल्याकडे राउंडपेक्षा जास्त टिकतात, कारण घाम आणि मळ साठायला खाचा नाहीत. चमक गेली म्हणून राउंड बदलाव्या लागतात. फ्लॅटमध्ये चमक नसणं हाच गुण, त्यामुळे वर्षानुवर्षं त्या ठेवता येतात. गंज मात्र कुणालाच सोडत नाही. फोंडा किनाऱ्यापासून आत आहे हे खरं, पण तुमचे कार्यक्रम कळंगुट-कोलव्याला असतात, आणि जून ते सप्टेंबर घरातही भिंती ओल्या असतात. स्टेनलेस स्टीलची पट्टी असलेले सेट बरे. मोनेल त्याहून बरं. निकेल आणि तांब्याचा हा मिश्रधातू समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून बोटींच्या सुट्या भागांत वापरतात. रोटोसाउंडचा जॅझ बास ७७ सेट मोनेलचा आहे. त्याचा ताण जबर, तेव्हा तो प्रिसिजनवरच. फ्रेटलेसवर किंवा व्हायोलिन बासवर अजिबात नाही. प्रिसिजनचे आत्ताचे फ्लॅट कधी गंजलेच तर पुढचा सेट हा घ्या.

वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा वरून आणि खालूनही पुसा. गंज खालच्या बाजूनं धरतो आणि दिसत नाही. घामेजलेला बास लगेच पेटीत बंद करू नका, घरी येऊन तासभर पंख्याखाली ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. तारांना तेल लावू नका, रेशमात मुरतं आणि तार चिकट होते. दमटपणानं नेक स्वतःहूनही हलते. मिरगाचा पाऊस लागला की एकदा आणि दिवाळीच्या आसपास हवा कोरडी झाली की एकदा, नेक तपासायची सवय ठेवा.

ती तपासायची कशी? तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी; साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फ्रेटलेसवर बोर्डच्या दोन टोकांना दाबून मधली फट बघा, ती याहून कमी ठेवा, तिथे नेक जवळजवळ सरळ हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग बास सुरात ठेवून एक दिवस थांबा, लाकूड सावकाश बसतं. किल्ली फिरायला जड गेली तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या. नेक जमल्यावर ॲक्शन, त्यानंतर बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या सप्तकाशी जुळतो का ते बघून ब्रिजची घोडी मागेपुढे करा. क्रम उलटा केला तर तेच काम दोनदा करावं लागतं.

फ्लॅट तार चढवताना कात्रीची घाई करू नका. खुंटीत जायच्या जागी आधी काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या भागाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर चपटी पट्टी आतून सैल होते आणि ती तार कायमची मुकी पडते. खुंटीला दोन-तीन वेढे पुरे. बासच्या शरीरातून आरपार तारा ओवायची सोय असेल तरी फ्लॅट ब्रिजवरूनच ओवा. आरपार ओवताना पडणारं तीक्ष्ण वळण त्यांना सोसत नाही.

तुमचे दोन सेट वाया गेले असं मानू नका. फ्रेटलेसवरचा ५०-१०५ प्रिसिजनवर बसेल, कारण दोघांची लांबी ३४ इंच आणि खुंट्या एकाच ओळीत. तो उतरवताना खुंटीजवळचा वाक सरळ करायला जाऊ नका, तिथेच तार तुटते. मोठं वेटोळं करून सुक्या जागी ठेवा, कार्यक्रमात तार तुटली तर कामाला येईल. दुसऱ्या सेटच्या ए, डी आणि जी तारा न वाकवलेल्या आहेत, म्हणजे त्याही प्रिसिजनच्या जादा तारा झाल्या.

नवा सेट चढवल्यावर पहिले काही दिवस त्याच्यावर मत बनवू नका. नवे फ्लॅट, विशेषतः क्रोम्स, सुरुवातीला अपेक्षेपेक्षा झगझगीत वाटतात आणि रोज वाजवल्यावर काही आठवड्यांनी शांत होतात. जी तार बाकीच्यांपेक्षा दबकी वाटली तर त्या बाजूनं पिकअप थोडा वर घ्या. आणि ॲम्पवर ट्रेबलचं बटण पिळत बसू नका. फ्लॅटमध्ये जी चमक नाही ती ट्रेबलनं येत नाही, नुसती सरसर वाढते. मंडपात बास ऐकू येत नसेल तर ४०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यानचा मिडल थोडा वाढवा आणि बेस थोडा कमी करा. उघड्या जागेत खर्ज वाढवला तरी तो पसरून जातो, आणि स्टेजवर मात्र ड्रमरच्या पायाखालचा बास ड्रम झाकून टाकतो.